वीज किती जाळता ते राहू द्या, कधी जाळता ते सांगा

गच्चीवाला

मंडळी, वीजबचतीवर इथे याआधीही धागे निघालेत. सगळ्यांची गाडी "खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवा" या स्टेशनावर येऊन थांबते. मालवाच, माझी ना नाही. पण गेल्या काही वर्षांत मूळ प्रश्नच बदलला आहे आणि आपण जुन्याच प्रश्नाचं उत्तर घोकत बसलोय, म्हणून हा नवा धागा.

आपल्या पिढीच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय: दिवसा विजेची ओढाताण, रात्री वीज मोकळी. कोळशाचे संच रात्री झटकन बंद करून सकाळी झटकन चालू करता येत नाहीत. मग रात्रीची वीज कुठेतरी खपवायची म्हणून कारखान्यांना रात्री दहानंतर सवलत आणि शेतीपंपांना रात्रीची पाळी. तेव्हाच्या परिस्थितीत ते बरोबरच होतं.

आता उलटं झालंय. भर दुपारी सौर वीज धो धो येते आणि सूर्य कलला की दोन-तीन तासांत शून्यावर जाते. नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर आणि एसी एकदम सुरू होतात. २०२५ च्या मध्यावर देशातली निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म इंधनांची झाली, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं, म्हणून पेपरांत मथळे आले. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. पॅनेल रात्री काम करत नाहीत, हे त्यातलं एक मोठं कारण.

म्हणजे दुपारी एकचं युनिट आणि रात्री साडेआठचं युनिट या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. बिलावर मात्र बहुतेकांना दोन्हींचा भाव एकच दिसतो. महावितरणने टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं) बसवलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. उद्योगांची जुनी रात्रीची सवलतही उचलून दिवसा आणली. तंत्र पुढे निघून गेलंय, धोरण लंगडत का होईना मागे येतंय. आपल्या सवयी मात्र अजून भारनियमनाच्या काळातच आहेत.

आमच्या सोसायटीचं सांगतो. गच्चीवर सौर पॅनेल बसवले, लिफ्ट, जिना आणि पाण्याचा पंप त्यावर. बसवण्याआधी सर्वसाधारण सभेत जे झालं त्याचा वेगळा धागा होईल (वरच्या मजल्यावरच्यांचे पापड, गच्चीची मालकी, "पत्रे उडून कुणाच्या डोक्यात पडले तर?", वगैरे). बसवल्यावर मी एक साधी गोष्ट सुचवली. वॉचमन पहाटे सहाला आणि संध्याकाळी सातला पंप लावतो, तो सकाळी अकरा ते दोनमध्ये लावा. कमिटीचा प्रश्न: "बिलात किती फरक पडेल?" खरं उत्तर होतं, काहीच नाही! नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट रात्री जसंच्या तसं परत मिळतं. "मग कशाला ताप?" म्हणून विषय गुंडाळला. पुढे वॉचमननेच पंपाची वेळ बदलली, कारण पहाटे उठायला नको!

तर प्रश्न असा: तुम्ही घरात, शेतात, दुकानात, कारखान्यात असं काय रात्रीतून उचलून दिवसा आणलंत? आणि आणलं नसेल तर नेमकं काय आडवं येतंय?

नंदू_सदाशिव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तोवर एक शंका. तिकडे नवी मुंबईत डेटा सेंटरांच्या रांगा उभ्या राहताहेत, चोवीस तास एसी. आणि आम्ही इकडे वॉशिंग मशीनची वेळ बदलून पृथ्वी वाचवायची. हत्ती जातोय आणि आपण शेपूट धरून बसलोय.

निवृत्त_फेज

गच्चीवाले, विषय छान काढलात. वीज क्षेत्रात आयुष्य गेलं म्हणून चार गोष्टी लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

संध्याकाळची चढण, म्हणजे मागणी एकदम वर जाणं, काय असतं ते कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाकडे पाहिलं की कळतं. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट, राज्याचा मोठा आधार. पण ती दिवसभर चालवता येत नाही. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला पाणीवाटपाच्या कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. म्हणून ते पाणी जपून ठेवायचं आणि मागणी चढली की सोडायचं. काही मिनिटांत संच भारावर येतो, कोळशाच्या संचाला ते जमत नाही. म्हणजे संध्याकाळी सात ते दहा या वेळात तुम्ही जे युनिट वाचवता ते सगळ्यात महाग आणि सगळ्यात कष्टाचं असतं.

दुसरं घाटघर. अकोले तालुक्यात वर एक धरण, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं, मध्ये सह्याद्रीचा कडा. वीज जास्त असताना खालचं पाणी वर चढवायचं, कमी असताना तेच खाली सोडून वीज करायची. २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, २००८ पासून चालू आहे. हा बांधला तेव्हा कल्पना अशी की रात्री पाणी वर चढवायचं. आता तेच काम दुपारी करणं शहाणपणाचं. यंत्र तेच राहिलं, वेळापत्रक फिरलं. सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प आता ठरताहेत ते याचसाठी.

आता गच्चीवाल्यांनाच एक टोचणी. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही दुपारचं स्वस्त युनिट देता आणि रात्रीचं महाग युनिट घेता, एकास एक. मधला फरक भरतं कोण? ज्याला गच्ची नाही तो. चाळीतला, भाड्याच्या खोलीतला, झोपडपट्टीतला. छोट्या घरगुती ग्राहकाला सुरुवातीला ही सवलत हवीच होती, नाहीतर कुणी पॅनेल बसवलेच नसते. पण ती कायमची चालू ठेवणं न्यायाचं नाही.

गच्चीवाला

फेजसाहेब, टोचणी मान्य, पण अर्धीच. माझं दुपारचं युनिट शेजारच्या दुकानात खपतं. ते चंद्रपूरहून शेकडो किलोमीटर तारांतून येत नाही, वाटेत गळत नाही. ती बचत कुणाच्या खात्यात? आणि नियम दर दोन वर्षांनी बदलणार असेल तर पंचवीस वर्षं टिकणाऱ्या पॅनेलमध्ये मध्यमवर्गीय माणूस पैसे का घालेल? आधी मोठ्या घोषणा करून लोकांना पुढे ओढायचं आणि मग मधेच शिडी काढायची, ही भीती आमच्या सभेत प्रत्येकाच्या तोंडी होती.

शिवारातून

गच्चीवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर शेतातून देतो. मी शिरूर तालुक्यातला.

आमच्याकडं वर्षानुवर्षं थ्री फेज लाईट पाळीनं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे साडेअकराला बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन ऊसात शिरायचं. आमच्या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, तिथंच विणतो. रातच्याला दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी वळवताना, साप चावल्याचं प्रत्येक गावात एखादं तरी उदाहरण आहे. शहरातल्या लोकांना "रात्री वीज मोकळी असते" हे गणित वाटायचं. आम्ही ते चिखलात उभं राहून सोडवायचो.

मग शेतकऱ्यानं काय केलं? स्टार्टरला ऑटो स्विच बसवला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. झोपमोड नाही, शेतात जाणं नाही. पण त्याचे परिणाम बघा. एकतर पाणी रातभर वाहतं, सरी भरली की नाही बघायला कोणी नाही, सकाळी बांधाबाहेर तळं. दुसरं, एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) पंधरा-वीस मोटारी, सगळ्यांना ऑटो, लाईट आली की सगळ्या एकाच क्षणी उठतात. मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट ओढते. डीपी जळते. जळाली की आठवडा आठवडा दुसरी येत नाही, तोवर पीक माना टाकतं. लाईनमन येऊन ओरडतो, "ऑटो काढा, कपॅसिटर बसवा." खरं आहे त्याचं. पण ऑटो काढला तर रात्री बिबट्याच्या तोंडी जायचं कोणी, लाईनमननं?

ज्या सवयीला बाहेरून 'बेशिस्त' म्हणतात ती अशी तयार होते. रात्रीची वीज हे धोरण होतं, ऑटो स्विच हे आमचं त्याला उत्तर.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्यावर शेतीचा फिडर, म्हणजे शेतीपंपांची वेगळी वीजवाहिनी, चालवायचा. आमच्या ओळखीतल्या एका गावात तसा फिडर दिवसा चालू झालाय. तिथं जाऊन बघून आलो. माणसं नऊ-दहाला आरामात शेतात जातात, मोटर चालू करतात, वाफ्याशी उभं राहून पाणी देतात, जेवणाच्या वेळेला बंद करतात. ऑटो काढा म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही. बऱ्याच जणांनी आपणहून काढलेत.

आमच्या गावाला कधी येणार विचारलं तर उत्तर, जागेचं काम चालू आहे.

मीनल_डोंबिवली

शिवारातून, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. हे शहरात कुणाला माहीतच नसतं.

आता गच्चीवाल्यांना माझा प्रश्न. दुपारी एक वाजता वॉशिंग मशीन लावायला घरात असतं कोण? मी सहा पन्नासची लोकल पकडते. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास. तेवढ्यात मशीन, डबे, अंघोळी. संध्याकाळी साडेसातला घरी, आठला कणीक, नऊला पोळ्या. तुमची ती 'संध्याकाळची चढण' म्हणजे माझा ओटा आहे हो! सवयी बदला म्हणणं सोपं. बहुतेक घरांत त्या सवयी बाईच्या असतात आणि त्या बदलायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. 'मानसिकता बदला' या वाक्यात कुणाची, हे कुणी लिहीत नाही.

तरी केलंय ते सांगते. मशीनला उशिरा सुरू व्हायची सोय आहे, ती मुलाने शोधून काढली. सकाळच्या दीड तासात मशीन उरकण्यापेक्षा आता सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यावर ते अकराला लागेल असं ठेवते. कपडे संध्याकाळपर्यंत आतच राहतात, पावसाळ्यात वास येतो, म्हणून जून ते सप्टेंबर हा प्रयोग बंद! फ्रीज जुना होता तो बदलला, त्याने बिलात दिसण्यासारखा फरक पडला. एसी चोवीसवर, पंखा सोबत. बाकी काही जमलेलं नाही.

आणि एक जुनीच गोष्ट: कुकरला दोन शिट्ट्या काढायच्या, गॅस बंद करून गोधडीत गुंडाळून ठेवायचा. हरभरे, राजमा मऊ होतात. सासूबाई करायच्या, तेव्हा आम्ही हसायचो.

नंदू_सदाशिव

मीनलताई, सहा पन्नासची लोकल आणि मशीनचा टायमर. दंडवत.

बंड्या_बोरिवली

ते टीओडी मीटर म्हणजे मागच्या दाराने प्रीपेड आणण्याचा डाव आहे. माझ्या मेहुण्याचं बिल मीटर बदलल्यावर दुप्पट आलं. हे सगळं कुणाच्या फायद्यासाठी चाललंय ते लहान पोरालाही कळतं.

निवृत्त_फेज

बंड्याभाऊ, बिल दुप्पट आलं असेल तर मीटर तपासणीचा अर्ज करा. नव्या मीटरशेजारी तपासणीचं मीटर लावून मागता येतं, तो ग्राहकाचा हक्क आहे. शंभरातल्या बऱ्याच तक्रारींत जुनं मीटर मंद फिरत होतं असं निघतं. काहींत नवं खरोखर चुकलेलं असतं, तेही पाहिलंय.

पण तुमच्या रागात एक खरी गोष्ट आहे. लोकांचा विश्वास नसेल तर कितीही हुशार मीटर लावा, उपयोग शून्य. मोबाईलवर तासातासाचा वापर दिसतो, तो दाखवायला कुणी घरी जात नाही. मीटर बदलायला मात्र माणूस येतो आणि दहा मिनिटांत पसार होतो.

अर्थाअर्थी

नंदूच्या हत्तीला उत्तर देतो आणि मीनलताईंच्या मुद्द्याला पुष्टीही.

माझं ठाम मत: लोकांची मनं बदलून ऊर्जा वाचत नाही, निदान आधी नाही. एलईडी बल्ब आठवा. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. मागणी एकत्र करून मोठ्या निविदा काढल्या, २०१५ मध्ये उजाला योजना आली, आणि २०१६ पर्यंत तोच बल्ब ३८ रुपयांवर आला. छत्तीस कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. यात कुणाचंही प्रबोधन करावं लागलं नाही. दुकानात स्वस्त मिळतो म्हणून लोकांनी घेतला. पिवळ्या बल्बवर आता कोण अडून बसलंय?

दुसरं उदाहरण एसीचं. जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवरच सुरू होतो, तसा नियम आहे. एक अंश वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. रिमोट हातात घेऊन १८ करायला कुणी अडवत नाही, पण पुष्कळ लोक करत नाहीत. जून २०२५ मध्ये मंत्र्यांनी २० च्या खाली जाताच येणार नाही असा नियम करू म्हटलं, तर केवढी आरडाओरड झाली! हळूच ठेवलेली सोय चालते, बंदी चालत नाही. आपला स्वभाव.

तिसरं पंख्याचं, आणि इथे अडतं. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. जानेवारी २०२३ पासून पंख्याला तारांकन (स्टार रेटिंग) सक्तीचं झालं. तरी भाड्याच्या घरांत जुनेच पंखे फिरतात. पंखा घेणार घरमालक, बिल भरणार भाडेकरू. बिल्डरही सगळ्यात स्वस्त पंखा टांगून ताबा देतो. ही गाठ प्रबोधनाने सुटत नाही, नियमाने किंवा हप्त्याने सुटते.

आता शेती. शिवारातून यांचं रात्रीच्या विजेचं वर्णन शंभर टक्के पटलं. पण दिवसाची वीज मिळाली की पाण्याचा प्रश्न सुटेल असं नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात पाच वर्षांसाठी मोफत वीज आहे. सौर पंप घेतला तर वीज मुळातच फुकट. म्हणजे विहिरीतून आणखी एक तास पाणी उपसायचा खर्च शून्य. उसाच्या आणि डाळिंबाच्या पट्ट्यात भूजल कुठे चाललंय ते वेगळं सांगायला नको.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या मोजक्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपवाल्यांची सहकारी मंडळी काढली. पंपाला लागत नाही ती वीज ते ग्रिडला विकतात. मग पाणी उपसणं फुकट राहत नाही, कारण तेवढ्या वेळात वीज विकून पैसे मिळाले असते. गहू, बटाट्यासारखं ऊन हेही एक पीक झालं. सहकाराचं माहेर म्हणवणाऱ्या आपल्या राज्यात हे का रुजू नये?

शिवारातून

अर्थाअर्थी, तुमचं सगळं वाचलं. उत्तर देतो, राग नाही.

फुकट वीज आम्ही मागितली नव्हती. मागणी कायम होती ती दिवसा द्या, पूर्ण दाबानं द्या, डीपी जळाली तर दोन दिवसांत द्या. फुकट मिळाली ती निवडणुकीच्या तोंडावर. फुकट असली की मग तक्रारही करता येत नाही, "पैसे भरता का?" म्हणून विचारतात. बिल भरणारा गिऱ्हाईक असतो, न भरणारा याचक.

सौर पंपाचंही ऐका. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला दहाच टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींना पाच. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्याच्या वर साडेसात. माझ्या चुलत भावानं घेतला. विहीर उथळ असलेल्याला तो झकास चालतो. भावाचं बोअर खोल, तिथं सकाळी साडेनऊपर्यंत पाणी नळाला येत नाही आणि चारनंतर धार करंगळीएवढी होते. पॅनेलवर धूळ बसली की आणखी कमी. वहिनी आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसते. केबल चोरीला गेली ती वेगळीच कथा. तक्रार केली तर कंपनीचा माणूस येतो म्हणाला, अजून येतोय.

म्हणून माझं मत फिडरच्या बाजूनं. एक मोठा प्रकल्प, देखभाल त्यांची, आम्हाला बटण दाबलं की पाणी. जागा पडीक असली तर भाड्यानं देता येते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. आमच्या भागात कोरडवाहू माळाला कधी एवढं उत्पन्न नव्हतं.

तुमची धुंडीची गोष्ट मात्र आवडली. पाणी न उपसण्याचे पैसे मिळाले तर आमच्याकडं ठिबकला कोणी नको म्हणणार नाही.

राईनकाठी

मी जर्मनीत, कोलोनजवळ. इथलं थोडं.

इथे भाडेकरूसुद्धा बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनेल अडकवतात आणि साध्या प्लगने घराच्या सॉकेटला जोडतात. २०२४ पासून ८०० वॅटपर्यंत परवानगी सोपी केली, नोंदणी ऑनलाईन काही मिनिटांत. अशा दहा लाखांहून अधिक संचांची नोंद झालीय. आमच्या बाल्कनीतून फार वीज येत नाही, पण बायको आता ढग बघून डिशवॉशर लावते.

उन्हाळ्यात रविवारी दुपारी इथे बाजारात विजेचा भाव शून्याखाली जातो. वीज घ्या आणि वर पैसेही घ्या! म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून नियम आला: भाव उणे असताना नव्या सौर संचांनी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला नाही. निवृत्त_फेज म्हणताहेत तीच दिशा. तेव्हापासून पॅनेल घेणारा बहुतेक माणूस बॅटरीही विचारतो.

महाराष्ट्रात बाल्कनी पॅनेल चालतील का? ऊन तर आमच्या दुप्पट.

निवृत्त_फेज

राईनकाठी, तांत्रिकदृष्ट्या चालतील. पण आपल्याकडे अर्थिंगची अवस्था, सॉकेटची अवस्था आणि तारेवर काम करणाऱ्या लाईनमनची सुरक्षितता पाहता "प्लग लावा आणि विसरा" हे मी तरी आज सुचवणार नाही. लाईन बंद समजून माणूस खांबावर चढतो आणि कुणाच्या तरी बाल्कनीतून उलटी वीज येते, तर? चांगला इन्व्हर्टर पुरवठा गेला की आपोआप बंद होतो, पण बाजारात सगळेच चांगले नसतात.

अर्थाअर्थींच्या "मनं बदलून वीज वाचत नाही" याला माझा एक आक्षेप. २००५ च्या सुमाराची अक्षय प्रकाश योजना आठवा. खेड्यांत तेव्हा बारा-बारा तास भारनियमन. महावितरणने गावांपुढे सौदा ठेवला: संध्याकाळच्या वेळात शेतीपंप आणि शेगड्या बंद ठेवा, घरातले दिवे सलग चालू देतो. मीटर नव्हतं, दंड नव्हता. गावांनी सभा घेतल्या, सिंगल फेजवर मोटर पळवायला लावलेले कंडेन्सर काढायला लावले, कोण चोरून मोटर लावतोय यावर पोरांनी पाळत ठेवली. अनेक गावांत ते महिनोन्महिने टिकलं. कारण मोबदला दिसत होता: पोरं दिव्याखाली अभ्यास करत होती. आणि शेजारी बघत होता! पुण्यातही २००६ मध्ये भारनियमन टळलं ते अशाच सौद्याने. कारखान्यांनी स्वतःची जनित्रं चालवली, वाचलेली वीज शहराला मिळाली, जास्त वापरणाऱ्यांनी त्याचा आकार भरला.

माणूस बदलतो. पण एकटा नाही, गावकीने बदलतो. आणि समोरच्याने शब्द पाळला तर.

पाटणवाली

गावकी म्हणालात म्हणून. आमच्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे, जेमतेम शंभर उंबऱ्यांची. २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. लोकांना वाटतं सरकारने पॅनेल बसवले आणि झालं. पण त्या वाडीला स्वच्छतेपासून सगळ्यात आधीपासून एकत्र निर्णय घ्यायची सवय आहे. पॅनेल शेवटी आले. तीच योजना भांडणाऱ्या गावात नेली तर खांब कुठे रोवायचा यावरच दोन वर्षं जातील.

मीनल_डोंबिवली

पाटणवाली, +१. आमच्या सोसायटीत तर लिफ्टमधला पंखा कुणी बंद करायचा यावर तीन सभा झाल्यात.

गच्चीवाला

अर्थाअर्थी आणि फेजसाहेब, मला दोघांचं पटतंय, पण क्रम वेगळा दिसतो. वस्तू स्वस्त आणि आपोआप चालणारी असेल तर एलईडीसारखं होतं, कुणाला विचारावं लागत नाही. वेळ बदलायची असेल तर मात्र कुणाचं तरी दिवसाचं वेळापत्रक मोडतं, मीनलताईंचं किंवा शिवारातून यांचं. तिथे आधी सोय द्यावी लागते. दिवसा फिडर मिळाला आणि ऑटो स्विच आपोआप निघाले, यातच सगळं आलं.

मी आता कमिटीपुढे पुन्हा पंपाचा विषय नेणार नाही. त्याऐवजी गाड्यांच्या चार्जिंगचा नेणार आहे. पाच-सहा जणांकडे इलेक्ट्रिक स्कूटर आल्यात, सगळे रात्री नऊला प्लग लावतात. पार्किंगमध्ये दिवसाचा दर कमी आणि रात्रीचा जास्त ठेवायचा, सोसायटीच्याच मीटरवर. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे, त्यात चार्जिंगही बसतं. ज्यांची गाडी दिवसा ऑफिसला जाते ते ओरडतील, माहीत आहे. कुणी असं केलं असेल तर दर कसे लावले ते सांगा.

नंदू_सदाशिव

ठीक आहे, हत्ती तात्पुरता सोडतो. आमची इमारत चार मजली, सोळा बिऱ्हाडं. सामायिक मीटरवर महिना साडेतीनशे युनिट येतात. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आणि शेजारच्या नव्या टॉवरची सावली. पॅनेल बसतील का? आलेला विक्रेता म्हणाला, "साहेब, काही प्रॉब्लेम नाही." म्हणूनच शंका येतेय.

निवृत्त_फेज

शंका रास्त आहे. साडेतीनशे युनिटला तीन-साडेतीन किलोवॅट पुरतात, म्हणजे साडेतीनशे चौरस फूट मोकळी जागा. किलोवॅटमागे महिन्याला शंभर ते सव्वाशे युनिट धरा, पावसाळ्यात कमी. अडचण जागेची नाही, सावलीची आहे. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर टाकीची सावली आली तरी सगळी ओळ मंदावते. टाकीच्या दक्षिणेला पॅनेल घ्या म्हणजे तिची सावली मागे पडेल. टॉवरची सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला वेगळा छोटा इन्व्हर्टर मागा, थोडा महाग पडतो. विक्रेत्याकडून वर्षाचे नव्हे, महिन्यामहिन्याचे अपेक्षित युनिट लेखी घ्या.

गच्चीचे फोटो टाका. भर बाराचे नकोत, तेव्हा सावल्या सगळ्यात आखूड असतात. सकाळी नऊ आणि दुपारी चारचे हवेत, आणि जमलं तर डिसेंबरात काढलेले.

नंदू_सदाशिव

डिसेंबरचे आहेत, मुंजीतले. गच्चीवर मांडव होता, पण कडेने सावली दिसतेय. संध्याकाळी टाकतो.

मीनल_डोंबिवली

संध्याकाळी कशाला, दुपारीच टाका की!